तुमचा मुलगा रविवारी कुठे असतो

पास्टर हॅस्क्यू यांना,

रविवारी चर्च सोडून बेसबॉल खेळतो म्हणून तुम्ही कोल्बीशी बोलणं टाकलंत. मी त्याचा कोच. लग्नानंतर मी चर्चची पायरी चढलेलो नाही, तेव्हा माझी साक्ष पक्षपाती नाही.

परवाच्या रविवारी समोरच्या संघाच्या पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, आमच्या बॅटरच्या बरगडीत मुद्दाम चेंडू घातला. आमच्या खेळात याची परतफेड करावीच लागते. आमचा पिचर कोल्बी. मी त्याला म्हटलं, "त्यांचा किरोझ बॅटिंगला आला की घाल चेंडू त्याच्या पाठीत."

"नाही कोच."

"का? सोयरा लागतो तुझा?"

"सकाळी दोन्ही संघांच्या प्रार्थनेत आम्ही शेजारी गुडघे टेकले होते. त्याची बायको दवाखान्यात आहे. मी त्याला आउट करतो, पण मारणार नाही."

"मारणं जमत नसेल तर सामान बांध आणि घरी जा."

"बरं."

आमचीच पोरं त्याला भित्रा म्हणाली. कोल्बीनं तीन चेंडू टाकले आणि तिन्ही वेळा किरोझची बॅट नुसती हवेत फिरली; किरोझ आउट. परत येऊन माझ्याशेजारी बसला नि विचारतो, "सामान बांधू?"

"गप बस. पाणी पी."

हे पत्र मी टाकणार नाही. "पप्पांना स्वतः येऊन बघू दे," म्हणतो तो. पण मुलगा रविवारी वाया जातो असं तुम्ही लोकांना सांगता म्हणे. रविवारी तो मैदानाच्या मधोमध उभा असतो, पास्टर. तुम्ही शिकवलेलं सगळ्यांच्या देखत करत.

तुमच्या मुलाचा कोच, हे छाती फुगवून सांगणारा,
व्हर्न टिबेट्स