विहीणबाई टेकडीवर

प्रिय रोहायाबाई,

आज तुमच्या फाजारचं आणि माझ्या चारुताचं लग्न पेंडल हिल या उपनगरातल्या आमच्या बॅकयार्डमध्ये लागलं. कोविडमुळे बॉर्डर बंद, म्हणून तुम्ही सुमात्राच्या जंगलातल्या तुमच्या गावाहून, रेंजसाठी कॉफीच्या मळ्यामागची टेकडी चढून व्हिडिओ कॉलवर आलात.

कॉलवरच्या माझ्या नणंदेने विचारलं, "वीणा, ही चिखलात उभी असलेली बाई कोण गं?"

"जावयाच्या घरी कामाला आहे," मी बोलून गेले.

तुम्हाला मराठी कळलं नाही. तुम्ही हसून मला हात जोडलेत.

चारुताने माझ्या हातातला फोन घेतला. "आत्या, या माझ्या सासूबाई," म्हणाली आणि स्क्रीनपुढे वाकली.

तुमची माफी मागायचीय. पण हे पत्र तुमच्या भाषेत फाजारलाच करून द्यावं लागेल, आणि चारुताने त्याला अजून काही सांगितलेलं नाही.

तुमची विहीण म्हणवून घ्यायला लाजणारी,
वीणा