रुतूच्या क्रँकचं सील

३ नोव्हेंबर, सोम.
रुतू नांदेडच्या होस्टेलवरून आली, क्लबने दिलेल्या सायकलसकट. रविवारी १६ ला इथेच औसा रोडवर निवड चाचणी. वीस कि.मी., एकेकीला सोडणार, घड्याळाशी शर्यत. विभागातून दोनच मुली राज्याला जाणार. पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही, म्हणजे हीच शेवटची. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नाही. सुनंदा, तिची आई, पोळ्या जास्त करते, एवढंच.

चहा व्हायच्या आत लेकीने सायकल उलटी केली, चेन उतरवली, पायडलच्या क्रँकला टिचकी मारली. अडीच फेऱ्या. थांबला.
"बघा पप्पा. तिकडं सगळ्यांचे बारा-पंधरा फेरे फिरायलेत. माझंच थांबायलंय."
थांबणारच. नवी बेअरिंगं, दोन्ही बाजूंनी रबरी सील, आत पोटभर ग्रीस. मीच बसवलीत.
"सर म्हणले, सील काढा, ग्रीस धुवून टाका, पातळ ऑईलचे दोन थेंब बास."
मी चेन परत चढवली.

५ नोव्हें.
दालमिलमध्ये डाळ वर नेणाऱ्या एलिव्हेटरचं खालचं बेअरिंग गेलं. सील फाटलेलं, आत डाळीचा भुगा आणि ग्रीस मिळून पिठलं झालेलं. तेवीस वर्षं फिटर म्हणून हेच बघतोय. लातुरात बेअरिंग वयाने मरत नाही, धूळ खाऊन मरतं.
महेबूबभाईला, जोडीदाराला, रुतूचं सांगितलं. मला वाटलं माझी बाजू घेईल. "अरे भाई, आधे घंटे की बात हाय. उसपे मिल थोडी चलाना हाय?"
दिवसभर डोकं तापलेलं.

६ नोव्हें.
गच्चीवर रुतूशी भांडण. मी समजावलं: हाताने फिरवताना सील अडवतं ते दिसतं, कारण तिथे अडवायला दुसरं काहीच नसतं. पायडलवर पाय पडला की अडवायला वारा, टायर, चेन. त्यात सीलचा वाटा कितीसा?
"किती? सांगा ना."
आकडा कुठे आहे माझ्याकडे. थोडासा, म्हटलं.
"मग तेवढा पण काढा. थोडक्यातच हुकतंय पप्पा. ही दालमिल न्हाई."
लागलं. जेवलो नाही. सुनंदा म्हणाली, "लेकराशी काय इरेला पेटायलाव?"

९ नोव्हें., रवि.
हरलो. ब्लेडच्या टोकाने सीलं काढली. फेकली नाहीत, डबीत ठेवली. बेअरिंगं डिझेलने धुतली, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. टिचकी मारली: सतरा फेऱ्या. रुतू आल्यापासून पहिल्यांदा हसली. व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवला. "पप्पा, तुमी लई भारी."
मला ते फिरणं बघवेना. माझ्या हातचं काम आणि उघडं.

१४ नोव्हें., शुक्र.
रोज सरावाला औसा रोड. रुंदीकरण चालू, सोयाबीनच्या ट्रॉल्या, धूळ म्हणजे काय विचारूच नका. पोरीच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. ती अंघोळीला गेल्यावर क्रँक फिरवून कान लावला. करकर ऐकू आली. खरंच होती, की मला हवी होती म्हणून…

१५ नोव्हें., शनि.
लिहू की नको.
मायलेकी देवळात गेल्या. तेवढ्यात क्रँक उतरवला, बेअरिंगं पुसून ग्रीस भरलं, सीलं दाबून बसवली. चाळीस मिनिटं लागली. वर चेन चढवून ठेवली. चेन असली की हाताने फिरवून फरक कळत नाही.
आल्यावर रुतू म्हणाली, "बघितलाव का एकदा?"
"हो."
"हाय तसंच ना?"
"हाय."
पोरीशी याआधीही खोटं बोललोय, औषध कडू नाही वगैरे. सायकलच्या बाबतीत कधीच नाही.

१६ नोव्हें., रवि.
तिसरी आली. दुसरीपेक्षा दोन सेकंद मागे. दोन.
सकाळी रस्त्यावर टँकरने पाणी मारलेलं. धूळ नव्हतीच. दुसरी आलेली पोर रुतूच्याच होस्टेलची, तिचं सील काढलेलं.
आईच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्याकडे आली. "सायकल लई हलकी पळाली पप्पा. तुमी काय कमी केलं न्हाई. माझे पायच कमी पडले."
तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ नोव्हें.
मिलमध्ये लक्ष नाही. फोनवर शोधलं, एक जण सांगतो सीलने काहीच फरक पडत नाही, दुसरा म्हणतो पडतो. दोन सेकंद सीलने खाल्ले असतील. नसतीलही. वळणावर ती ब्रेक जास्त दाबते, तेही मी पाहिलंय. आता हे कुणालाच कधी कळणार नाही.
धुळीची काळजी होती, असं स्वतःला सांगत होतो. खोटं आहे. अर्ध्या तासात धूळ काय करणार? सील नसलेलं माझं काम चार लोकांत जाणं मला सहन होत नव्हतं. अहंकार, दुसरं काही नाही.
महेबूबभाई म्हणतो, "मत बता. बच्ची को और काहेको जलाता?"
संध्याकाळी रुतू म्हणाली, सरांना कळवते, सायकल बंद, आता बारावी. "आपल्या पायात तेवढं न्हाई, कळलं ना आता."
ते शब्द ऐकवेनात. हे तिच्या डोक्यात मी घातलंय.

१८ नोव्हें., मंगळ.
मिलला गेलो नाही.
सायकल क्लबला परत द्यायची, त्याआधी खोलून साफ करते, रुतू म्हणाली. "क्रँक मी काढते पप्पा. तुमी बसा." पहाटेपासून जागा होतो. सायकल ओसरीतच होती. सीलं परत काढून ठेवता आली असती, तिला दिसली नसती. हात लावला नाही.
अॅलन की तिने बोल्ट काढायला मागितली, दिली.
पायरीवर बसून लिहितोय. तू हरली नाहीस, हे आधी म्हणावं, की मी खोटं बोललो, हे आधी? दुसरं सांगितलं तरच पहिलं ती मानेल. आणि मग माझ्या हातची सायकल ती परत घेणार नाही, कदाचित हाकसुद्धा मारणार नाही.
एक बोल्ट निघाला. दुसरा निघेना झालाय तिला.
"पप्पा, एवढं घट्ट कोण आवळलंय हे?"
वही ठेवतो.