नोकर वगळता

मी, आयडेला प्रूइट, वय बासष्ट, व्यवसाय नाटक-सिनेमात काम करणे, राहणार लॉस एंजेलिस, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेलं नसताना हे लिहून ठेवते. डोक्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल ते गप्प राहिले, तेही बरंच झालं.

आजवर मृत्युपत्र केलं नाही, कारण घराच्या कागदातल्या एका अटीमुळे राहतं घर माझं राहणार की नाही हेच कोर्टात अडकलं होतं. मे महिन्यात वॉशिंग्टनच्या मोठ्या न्यायालयाने असल्या अटी कोर्टांनी राबवू नयेत असं ठरवलं आणि आमचाही दावा निकालात निघाला. तेव्हापासून मला झोप लागते. आता देण्यासारखं आहे, म्हणून देते.

१. शिकागोच्या आमच्या नाटकमंडळीतला माझा मखमली झगा अँब्रोज टीग यांना. त्यांना तो होणार नाही. पण मी तिथे राण्या केल्या हे पाहिलेले तेवढे एकच उरले आहेत.

२. सिनेमातले सगळे ॲप्रन चर्चमध्ये नाटक बसवणाऱ्या मुलींना. पडद्यावर मला मोलकरणीखेरीज काम मिळालं नाही, आणि दक्षिणेकडच्या राज्यांतली थिएटरं काळा चेहरा नको म्हणून तेवढेही प्रसंग कापून टाकत. म्हणून मी दिग्दर्शकाशी गोड बोलून नायिकेची चिठ्ठी, औषध, किल्ली माझ्याच हातून पोचेल असं करून घेई. मला कापलं की गोष्ट लंगडी पडे. ॲप्रनची फडकी करावीत. युक्ती जपावी.

३. शेजारच्या मिसेस व्हिटकोम यांना, त्यांच्या कुंपणात झुकलेल्या फांदीवरची लिंबं. त्या तोडतातच, यापुढे इकडेतिकडे न बघता तोडाव्यात. मी राहायला आले त्या आठवड्यात त्यांनी दार वाजवलं होतं.

"अगं, मालकिणीला बोलाव."

मी आत गेले, हॅट घालून परत आले. "बोला, आले मालकीण."

मग मला घराबाहेर काढायला आळीतल्या लोकांनी दावा लावला. घराच्या कागदात लिहिलं होतं, इथे काळ्या माणसाने राहू नये, घरकामाचे नोकर वगळता. माझे पहिले वकील म्हणाले, "घर एखाद्या गोऱ्या मैत्रिणीच्या नावावर करा आणि तिथे कामाला आहे म्हणा. सवय आहेच की तुम्हाला."

"त्याचे मला पैसे मिळतात, साहेब. घरी मी फुकट नाटक करत नाही."

ते वकील गेले. त्यांच्या जागी हॉलिस गॅडी आले आणि शेवटपर्यंत लढले. माझं लिहायचं टेबल त्यांना.

४. घर माझ्या बहिणीच्या मुलीला, व्हर्निसला. ती नवरा-मुलांसह दोन खोल्यांत राहते, आणि तिथूनही महिनाअखेर निघायला सांगितलं आहे, म्हणून ती आत्ताच इथे राहायला येणार आहे. तिचा नवरा ल्युशियस माझ्या बहिणीच्या अंत्यविधीला आपलं पितळी वाद्य, ट्राँबोन, घेऊन आला आणि थडग्यावर माती पडायच्या आत वाजवायच्या कामावर निघून गेला. ते मी विसरलेले नाही. म्हणून गॅडींना एक अट घालायला सांगितली. त्यांनी लिहून वाचून दाखवली: "सदर घरात ल्युशियस बूकर याने राहू नये."

व्हर्निस समोरच बसली होती. तिचा चेहरा पडला. "मावशी, मग मी तरी कशी येऊ?"

मी गॅडींना ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. तीन वर्षं कोर्टात बसून मी हेच ऐकत होते, फक्त नाव वेगळं होतं.

"खोडा ते," मी म्हणाले.

"मग दुसरी काय अट घालू, बाई?"

"एकही नको."

"आणि मी विकलं तर?" व्हर्निसने विचारलं.

"तर चांगल्या भावाने विक. आणि ल्युशियसला सांग, घरात ट्राँबोन वाजवायचा तर खिडक्या उघड्या ठेवून वाजव."

ती रडता रडता हसली. गॅडींनी ते कलम नव्याने लिहिलं: सदर घर व्हर्निस बूकर हिला. विनाअट.

सही: आयडेला प्रूइट

आमच्या समक्ष सही केली:
पर्लीन स्टोक्स, केशभूषाकार
डॉ. ओरेन बास्किन

लॉस एंजेलिस, ९ ऑक्टोबर १९४८