गच्चीवरचं भरीत

३ जानेवारी, शनि.
शेवभाजी. खोबरं-कांदा काळे होईस्तोवर भाजले, तर्री इराने चमच्याने प्यायली. अण्णांनी अर्धी भाकरी खाल्ली. "छान झालीय हो," म्हणाले आणि ताट उचलून बेसिनकडे. तीन आठवडे हेच चाललंय. सासऱ्यांनी एकदा नावं ठेवली असती तर भांडता तरी आलं असतं.

परतीचं तिकीट २० तारखेचं, येतानाच काढून आणलेलं. जळगावजवळ गावी एकटेच. सासूबाई गेल्यापासून दोन्ही वेळेला खिचडी, तीही ओट्याशी उभ्याने. नि. म्हणतो, वडील माझे आहेत, त्यांना हवं तसं राहू दे. मला नाही राहू द्यायचं. मला ते इथे उत्तरेत, आमच्याजवळ हवेत, कायमचे. पण पोटभर न जेवणाऱ्या माणसाला थांबा तरी कुठल्या तोंडाने म्हणू?

६ जाने., मंगळ.
बँकेतून आल्या आल्या त्यांच्याकडची फौजदारी डाळ, नि.च्या मावशीला फोनवर धरून. लसूण मूठभर. परत अर्धी भाकरी. इरा विचारते, "मम्मी, अण्णा डाइटिंग पर हैं क्या?"

दिवसभर मफलर गुंडाळून खुर्चीत, तोच पेपर तीनदा. नि.ची सक्त ताकीद, त्यांना कसलंच काम सांगायचं नाही. पाण्याचा ग्लासही हातात.

११ जाने., रवि.
आज कमाल झाली. आलमबागच्या बाजारात हिरवी वांगी मिळाली, म्हटलं खानदेशी भरीत करू. तेल लावून गॅसवर ठेवली. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. थोडा वेळ बघितलं. मग,
"गॅसवर? वैशाली, याचं भरीत नाही व्हायचं."
पहिलं वाकडं वाक्य! इतकं बरं वाटलं. मग कसं करायचं, विचारलं. तर म्हणे, ते बायकांचं कामच नाही.

एरवी चांगलं सुनावलं असतं. हाताखाली सहा माणसं आहेत माझ्या. पण गॅस बंद केला. नि. आता सांगतोय, त्यांच्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते, भाजणं-कुटणं सगळं पुरुषांचं, आणि अण्णा पन्नास-पन्नास माणसांचं करायचे. सोळा वर्षं लग्नाला. आत्ता सांगतोय! म्हणे, तू कधी विचारलंस? धन्य आहे.

१२ जाने., सोम.
थंडीमुळे शाळा बंद. अण्णा इराला घेऊन दाट धुक्यात भाजीबाजारात गेले. आल्यावर इराने साग्रसंगीत सांगितलं. अण्णा एकेक वांगं तळहातावर तोलत होते. मोठं दिसेल पण हलकं लागेल तेच घ्यायचं, आत बिया कमी. भाजीवाला वैतागला, "बाबूजी, बैंगन है, सोना नहीं." चारच पसंत पडली. बाकी रविवारी, भरीत तेव्हाच ते स्वतः करणार. त्याच भाजीवाल्याच्या गावाहून तुरीच्या वाळक्या काड्याही येणार आहेत. भरीत म्हणे त्यावरच.

१४ जाने., बुध.
संक्रांत. इथे आज घरोघर खिचडी. अण्णांच्या पुढ्यात खिचडी ठेवायची माझी छाती होईना, गुळाची पोळी केली. दीड खाल्ली. दीड!

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शुक्लाजींशी वाद. ते बलियाकडचे. वांगं भाजावं तर उपल्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर, आणि त्याला चोखा म्हणावं. अण्णांची हिंदी अर्धी मराठीच, पण आवाज काय चढला! हा आवाज आहे त्यांना, हेच मला माहीत नव्हतं. रविवारी गच्चीवर दोन्ही होऊन जाऊ दे, असं ठरलं.

१८ जाने., रवि.
हात दुखतायत, लिहिते तरी. ऊन पडलं नशिबाने. गच्चीवर दोन विटा, काड्यांचा जाळ. अण्णा मफलर फेकून उकिडवे बसलेले, सगळ्यांना हुकूम. वांग्यांना आधी सुरीने टोचे मारा, नाहीतर फुटतात. शुक्लाजींनी ऐकलं नाही. त्यांचं गोवऱ्यांवरचं वांगं फटकन फुटलं, अर्धं स्वेटरवर. अण्णा इतके हसले की खोकला आला. नि. नुसता बघत राहिला.

मिरच्या, लसूणही त्याच जाळात. भरीत कुटायची लाकडी बडगी इथे कुठली, मग पितळी पातेलं आणि मुसळी. इरा कुटतेय, "अण्णा, और कितना?" "अजून." मग कांद्याची पात, शेंगदाणे, वरून फोडणी. टोमॅटो घालू का विचारलं तर असं बघितलं माझ्याकडे! मला फक्त पुऱ्या तळायला ठेवलं. मुकाट तळल्या.

आणि चव! काय सांगू. धुराचा वास, तोंडात आग. शुक्लाजींनी नाक पुसत तिसऱ्यांदा घेतलं. अण्णांनी सात पुऱ्या. मोजल्या मी. दृष्ट नको लागायला.

शेवटी शुक्लाजी म्हणाले, अगले इतवार हमारे भाई साहब भी आएँगे, बीस आदमी समझिए.
अण्णा बोटं चाटत म्हणाले, "बीस को दस किलो लगेगा. शनिवार को मंडी जाते."
पुढचा रविवार म्हणजे २५. तिकीट परवाचं. नि.ने माझ्याकडे बघितलं. मी पुरी उलटली.

१९ जाने., सोम.
उद्या गाडी. नि.ला बजावलंय, तोंड उघडायचं नाही. बॅग काही भरायला घेतली नाही त्यांनी, पण त्यांचं सामान ते किती, दहा मिनिटांत भरतील.

संध्याकाळी मलाच राहवलं नाही. विचारलं, "अण्णा, उद्या डब्यात काय देऊ?"
त्यांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आधी शुक्लाजींना विचार, त्यांच्या भावाला तिखट किती चालतं."