आंबे पिकला

प्रिय माय,

परवा तापात मी "मले पानी दे" म्हणालो म्हणे. सूनबाई हसून म्हणाली, "बाबा, हे कुठलं मराठी हो?" मी नुसती कूस बदलली. ताप उतरला, पण तुझ्याशी बोलल्यावाचून चैन पडेना. तुला जाऊन साठाच्या वर वर्षं झाली. सांगायचं राहिलेलं आज लिहूनच टाकतो.

रोहण्याच्या शाळेत चौथीत होतो मी. कवितेचा तास लागला की माझं भान हरपायचं. घरी आलो की कपाशीच्या सऱ्यांतून तुझ्यामागे कविता म्हणत हिंडायचो. तुझे हात बोंडांवर आणि कान माझ्याकडे! "हं, अजून एकडाव म्हण बापू, ते ढगाची." अक्षरओळख नव्हती तुला, पण एखादी ओळ गाळली की लगेच अडवायचीस.

मग नवे गुरुजी आले. "'मले' नव्हे, 'मला' म्हणायचं," असं त्यांनी सांगितलं, आणि घरी येऊन मी तुझा गुरुजी झालो.

"माय, ले नाही म्हणायचं. ला म्हणायचं, ला!"

"मले जमन का रे?"

"मला!"

"बरं बापा, मला." केवढी गोड हसलीस तू!

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडी गुरुजी घरी आले, पोरगा कवितेत पहिला आला म्हणून सांगायला. तू पदर सावरत बाहेर आलीस. माझी मान खाली जाऊ नये म्हणून किती जपून बोललीस! "गुरुजी, घरचे आंबे पिकला. तुमच्यासाठी चार काढून ठेवला."

जिथे ले, तिथे ला. मीच तसं शिकवलं होतं ना! गुरुजी बिचारे मान खाली घालून आंब्याचा वास घेत राहिले. हसलो तो मी.

तेवढ्यावर थांबलो नाही गं. दुसऱ्या दिवशी वर्गात तुझी नक्कल केली. संध्याकाळी पोरं दारावरून ओरडत गेली, "आंबे पिकला! आंबे पिकला!" तू चुलीपुढे होतीस. मागे न वळताच विचारलंस, "यायले कोनं सांगतलं रे?"

मी म्हणालो, "गुरुजींनी."

खरं काय ते तुला कळलं होतं का? मग चुलीतलं लाकूड का नाही फेकून मारलंस? त्या दिवसापासून शिकलेल्या माणसासमोर तू तोंड उघडलं नाहीस. कविता ऐकायचीस, पण मी मुद्दाम एक ओळ गाळून पाहिली, तर तू गप्पच!

तीन वर्षांनी तुझं पोट दुखायला लागलं. आर्वीहून डॉक्टर आले. त्यांनी तीनतीनदा विचारलं, "बाई, नेमकं कुठे दुखतं?" तू आढ्याकडे पाहत राहिलीस. बाबा चिडले, "सांग ना वं, डाक्टरसाहेब काय इचारून राह्यले!" तेव्हा तू मला खुणेनं जवळ बोलावलंस आणि कानात म्हणालीस,

"तूच सांग त्याईले. माह्यं चुकन."

मी काय सांगणार होतो, माय? दुखत तुला होतं! मी उगाच साऱ्या पोटावरून हात फिरवून दाखवला. डॉक्टर पुड्या देऊन गेले. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

पुढे जन्मभर मराठीच शिकवलं मी. 'मले' म्हणणारी कितीतरी पोरं वर्गात उभी राहिली. एकालाही टोकायला जीभ उचलली नाही. सोबतचे मास्तर मला ढिला म्हणायचे. म्हणोत!

तुझी माफी मागायला पुस्तकी मराठीत शब्द सापडत नाहीत. म्हणून आपल्या बोलीत सांगतो. माय, वर्गात ते मीच सांगतलं होतं. गुरुजीनं नाई. आता माह्ये बी दिवस भरत आले. तिकडं आलो का पयले तुह्यापाशी बसतो. कुठी दुखत होतं, कसं दुखत होतं, सारं सांगजो मले. घाई नोको करू. मी मधात एक शब्द बोलनार नाई.

तुहा,
बापू