फोटोतला डावीकडचा माणूस

डावकी,
११ मार्च २०१९

लाडक्या बानिदाला,

खुब्लेइ, आणि मामाचे आशीर्वाद. तू फोन करतेस तेव्हा मी "हो, हो" करतो आणि ठेवून देतो, म्हणून हे पत्र. लिहायची सवय गेली आहे. ही तिसरी सुरुवात. पहिले दोन कागद चुलीत घातले, तर तुझी आई म्हणाली, "कागदावर भात शिजत नाही, वानफ्रांग." यावरून ती बरी आहे हे तुला कळलंच असेल.

गुडघा दुखतो तिचा, तरी रोज तमालपत्रं वाळत घालायला छपरावर चढते. मी ओरडलो की म्हणते, "तू तुझ्या बायकोच्या घरी जाऊन ओरड." बरोबरच आहे. मी राहतो बायकोच्या घरी, आणि हे घर आपल्या रीतीने तुझं, धाकट्या लेकीचं. पण मामा म्हणून इथला शेवटचा शब्द अजून माझाच धरतात. तो शब्द कसा वापरला ते पुढे येईलच. छपराचा डावीकडचा पत्रा बदलला, घर तुझं म्हणून कळवतो. माझ्या नव्या होडीला निळा रंग दिला. ताईला म्हटलं, एक फेरी मारू, तर नेहमीचंच, "मला मळमळतं." वीस वर्षं तिला होडीत मळमळतंय.

नदी यंदा फारच नितळ आहे. होडीची सावली तळाच्या दगडांवर पडते आणि पाहुणे तिचेच फोटो काढत बसतात. परवा गुवाहाटीचे एक जाडेसे गृहस्थ, तळ दिसतोय म्हणजे कमरेइतकंच पाणी असणार असं समजून चपलांसकट उतरले आणि टोपीपर्यंत गेले. बाहेर ओढून काढलं तर मलाच म्हणतात, "आधी सांगायचं ना!" मी म्हटलं, "तुम्ही विचारायचं ना." सगळी होडी हसली. मीही हसत घरी आलो. मग तुझा मेसेज आठवला आणि जेवण गेलं नाही.

तू विचारलंस, "मामा, डिसेंबरात तू एवढ्या घाईने होडी का वळवलीस? मैत्रिणी अजून विचारतात." सोबत तो फोटो पुन्हा पाठवलास. मी तो इतक्यांदा उघडतो की तुझी मामी म्हणते, कुणा बाईचा आहे का?

फोटोत मधे तू, केशरी लाईफ जॅकेट गळ्यापर्यंत बांधलेलं. दोन्ही बाजूंना तुझ्या बंगळुरूच्या मैत्रिणी. मागे सीमेची ती दगडांची रांग, जिच्या अलीकडे आपला देश आणि पलीकडे त्यांचा. आणि अगदी डावीकडे, रांगेच्या पलीकडे पाण्यात पोटरीपर्यंत उभा असलेला म्हातारा, गळ्यात वेताचं ताट अडकवलेलं, त्यात बोरांच्या लोणच्याच्या पुड्या. उन्हाने डोळे मिटलेत. खाली तू लिहिलंयस, "बॉर्डरवरचे लोणचंवाले आजोबा, किती गोड!"

मी तुला फोनवर सांगितलं की जवानाने शिट्टी मारली म्हणून होडी वळवली. जवानाने शिट्टी मारली नव्हती. तो आपल्याकडे पाठ करून उकडलेलं अंडं सोलत होता.

त्या दिवशी काय बोलणं झालं ते तू विसरली असशील. मी नाही विसरलो. तू ओरडलीस, "अय्या, आजोबा, तुम्ही खासी बोलता?" तो म्हणाला, "खासीच आहे पोरी. पलीकडच्या पानमळ्यातला." मग त्याने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत तुझ्याकडे. तू म्हणालीस, "मामा, होडी जरा पुढे घे ना." आणि मामा हा शब्द ऐकून त्याने ताट दोन्ही हातांनी धरलं.

"नाव काय तुझं?"

"बानिदा."

"छान आहे. कुणी ठेवलं?"

"बाबांनी. बारशाला तीन नावं घेत दारू ओतली होती, ज्यावर थेंब अडकेल ते ठेवायचं. तो बाबांनी सुचवलेल्या नावावर अडकला."

"बाबा काय करतात?"

"ते नाहीत. मी आठ वर्षांची असताना वारले."

त्याने ताटातल्या दोन पुड्या उचलून परत तिथेच ठेवल्या. मग म्हणाला, "नाव मात्र चांगलं निवडलं त्यांनी." आणि पानाला चुना लावून सुपारीची फोड त्यात गुंडाळून तुझ्यापुढे धरली. तू कधी खात नाहीस, पण दिलेली क्वाय नाकारायची नसते म्हणून तोंडात घातलीस. कान लाल झाले, ठसका लागला, घाम फुटला, सगळ्या हसल्या, तोही हसला. त्यातच कुणीतरी फोटो काढला आणि मी होडी वळवली.

बानिदा, तो ख्राबोर. तुझा बाप.

हे वाक्य लिहून मी बाहेर जाऊन आलो. गोलमोल करून सांगायचं ठरवलं होतं, पण आता लिहून झालंय.

तू सहा वर्षांची होतीस तेव्हा तो खोकायला लागला. रक्त पडायला लागलं. ताई म्हणाली, इथेच ठेवू, मी करीन त्याचं. मी म्हटलं, नाही. पुरुषाची हाडं शेवटी त्याच्या आईच्या कुळात जातात, तर आजारपणही तिथेच काढायचं, आपली रीत आहे. त्याच्या आईचं घर पलीकडच्या मळ्यात होतं. तेव्हा इतकी कडक नजर नव्हती, चौकीवर संत्री दिली की झालं. मी सत्तावीस वर्षांचा, घरातला मोठा पुरुष नुकताच झालेलो, अक्कल अगदी उतू जात होती. मीच त्याला माझ्या होडीतून तिकडे सोडून आलो. ताई तीरावर उभी होती. त्या दिवसापासून तिला मळमळतं.

दोन वर्षांनी तो बरा झाला. पण तोवर सीमेवर गोळ्या चालल्या, नवी चौकी आली, तार आली, येणं बंद. मग तो हिवाळ्यात, पाणी उतरलं की, दगडांच्या रांगेपाशी येऊन नुसता उभा राहायला लागला. एक दिवस तुला दिसला. तू धावलीस. तळ दिसत होता ना, तुला वाटलं चालत जाता येईल. तुला केसांना धरून बाहेर काढलं मी. तुला पाण्याची भीती का वाटते असं तू विचारतेस, आणि आम्ही सांगतो, लहानपणी घसरून पडलीस. घसरून नाही पडलीस.

त्यानंतर ताप भरला, त्यात तू सारखी विचारत होतीस, बाबा तिकडे का उभा आहे? मी म्हणालो, तो बाबा नव्हता, दुसराच कुणीतरी होता. बाबा आजारातच गेला. तू दोन दिवस रडलीस आणि मग नदीकडे गेली नाहीस. मला वाटलं, बरं झालं, पोर वाचली. तिसऱ्या दिवशी मी होडी घेऊन रांगेपाशी गेलो आणि त्याला सांगितलं, "भावजी, तुम्ही दिसलात की ती धावणार, आणि दर वेळी मी जवळ असेनच असं नाही. येऊ नका." तो "बरं," म्हणाला आणि नंतर आला नाही. त्याला तुझ्या लेखी मी मारून टाकलंय, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. ते त्याला डिसेंबरात कळलं. तुझ्या तोंडून.

ताईला सगळं माहीत होतं. मला एवढंच म्हणाली, "तू मारलंस, आता तूच जिवंत कर." त्यानंतर या विषयावर एक शब्द नाही. आता पासपोर्ट काढून रीतसर जाता येतं असं लोक सांगायचे, तेव्हा मी विषय बदलायचो. तू मोठी झालीस, शिकलीस, नर्स झालीस, दर वर्षी मी ठरवायचो की या सुट्टीत सांगू. मग तू यायचीस, जादोहवर आडवा हात मारायचीस, माझ्या पोटाला चापट मारून "मामा, किती महिने झाले?" विचारायचीस, आणि मला वाटायचं, आज नको.

गेले तीन हिवाळे तो ताट घेऊन येतो. मळा भाच्यांच्या ताब्यात गेला, म्हणून लोणचं विकतो. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि अनोळखी असल्यासारखे तोंड फिरवायचो. तुला रांगेपर्यंत न्यायचंच नव्हतं मला. पण तुझ्या मैत्रिणी हट्टाला पेटल्या आणि त्या दिवशी तो येणार नाही असं मला उगाचच वाटलं. की तो यावा असंच वाटत होतं? खरंच सांगता येत नाही. माझं डोकं चालत नाही त्यापुढे.

आणि खरा घोळ यापुढे आहे. जानेवारीत त्याने तिकडच्या एका चणेवालीकडून निरोप पाठवला: "सांगू नकोस तिला. हसत होती. हसू दे." मी म्हटलं, चला, त्याचीच इच्छा, सुटलो. फेब्रुवारीपासून तो येत नाही. चणेवाली म्हणते, पुन्हा छातीचं दुखणं आहे, अंथरुणावर आहे, आणि रोज ती घरी परतताना विचारतो, "ती केशरी जॅकेटवाली आली होती का?" आता यातलं त्याचं खरं म्हणणं कोणतं धरू? पहिलं की रोजचं? ताईला विचारलं तर म्हणाली, "तू मामा आहेस, तू ठरव," आणि सुपारी कातरत बसली. मामीला विचारलं तर ती रडायला लागली. मग मी ठरवलं. की ठरवलं नाही, नुसतं लिहीत सुटलो? हे तुझ्या भल्यासाठी लिहितोय, की माझ्या उरावरचा दगड तुझ्या उरावर ठेवतोय, तेही कळत नाही. वीस वर्षांपूर्वी मला सगळं कळत होतं आणि सगळं चुकलं, म्हणून यावेळी न कळण्याचा फार राग येत नाही.

एक भीती सांगून टाकतो. हे वाचून तू या घराकडे पाठ फिरवशील. चूल तुझी, किल्ली तुझी, आई तुझ्या नावाने थांबलेली, आणि माझ्यामुळे ते सगळं ओस पडेल. तसं झालं तर तुला दोष देणार नाही. पण मला फार वाईट वाटेल, तेही लपवत नाही.

आता कामाचं. वरच्या डोंगरात पाऊस लागला की पाणी गढूळ होतं आणि रांगेतले दगड बुडतात. या वर्षी एप्रिलचा पहिला आठवडा मिळाला तर मिळाला. चणेवालीच्या हाती मी विचारून ठेवलंय. त्याचे भाचे म्हणतात, कळवा, आम्ही त्याला वेताच्या खुर्चीत बसवून पाठीवरून रांगेपर्यंत आणू. जवानाशीही बोललोय, तोच अंडंवाला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दगड ओलांडायचा नाही. बोलायला माझी ना नाही." तुझ्याकडे पासपोर्ट आहे, तू रीतसर पलीकडे जाऊन त्याच्या उशाशी बसू शकतेस, तेही बघ. तू नर्स आहेस, त्याच्या छातीचं तुला आमच्यापेक्षा जास्त कळेल. यायचं नसेल तर तेही कळव. मग मी एकटा रांगेपाशी जाईन आणि त्याला सांगेन, भावजी, तिला सगळं सांगितलंय, आता तुम्ही जिवंत आहात.

हे एवढं ताईला वाचून दाखवलं. तिने अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "माझंही एक लिही." मी विचारलं, काय? म्हणाली, "लिही, की ती येवो न येवो, मी त्या होडीत बसणार आहे." आणि उठून पेटीतलं चांगलं वस्त्र उन्हात घालायला गेली, त्याच छपरावर, दुखऱ्या गुडघ्याने. मी ओरडलो नाही.

पत्राखाली नेहमी "तुझा मामा" लिहितो. आज हात अडला. जो शब्द ऐकून त्याने तुला ओळखलं, तो तू मला पुन्हा म्हणशील की नाही, ते आल्यावर तूच ठरव. तोपर्यंत नुसता,

वानफ्रांग