हवेवरची गाडी

उस्ताद, तुम्ही कधी उघडली नाही अशा जातीची एक गाडी गेल्या महिन्यात माझ्याकडं लातूरला आली होती. तिला ना लोखंडी पट्ट्यांचे पाटे, ना स्प्रिंग. चारही चाकांवर रबरी फुगे, त्यांच्या पोटातच धक्के पचवणारे शॉकॉप, आणि फुग्यांत हवा भरायला एक छोटा कॉम्प्रेसर. गाडी दांडगी, पण आधीच्या मालकानं हौसेनं इतकी खाली बसवलेली की गतिरोधक आला की पोट घासायचं. आता फुगे विरले होते. सकाळी पाहावं तर डावी बाजू जमिनीला टेकलेली, दमलेल्या बैलासारखी. तुम्ही असता तर तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला असता, "हवेवर गाडी? मजाक करून राहिलास का?" आणि मग माझ्या आधी तुम्हीच खाली वाकला असता.

गाडी जळकोटच्या एका कापड दुकानदाराची. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. दोन ठिकाणी फिरून आला होता आणि दोन्हीकडं एकच उत्तर मिळालं होतं: फुगे काढून टाका, साधे स्प्रिंग घाला, गाडी चार बोटं वर येईल आणि कटकट मिटेल. मीही तेच सांगणार होतो. पण तुमच्या हाताखाली लागलेली सवय, म्हणून आधी विचारलं, "गाडीत बसतं कोण?" तो म्हणाला, "आई." मग हळूहळू बोलता झाला. आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं, पाय उचलत नाही. "दुसऱ्या गाडीत दोघांनी उचलून ठिवावं लागतं. तिला ते लई लागायचं मनाला. म्हणून घराबाहेर निघायचंच सोडलं होतं तिनं. ही खाली हाय, दाराला धरून एकटी बसती. वर करू नका, मेस्त्री." मी गाडी ठेवून घेतली.

हा प्रश्न मी तुमच्याकडून उचलला. रेणापूरकडचं गाव सोडून, बायको आणि लेक घेऊन मी नांदेडला तुमच्या गॅरेजच्या दारात उभा राहिलो, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. तीन भावांच्या शेतात माझ्या हाताला काम उरलं नव्हतं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाटील, या वयात पाना धरणार?" मी मान डोलावून "हाव" म्हणालो. त्या दिवसापासून मी तुमचा पाटील. ट्रक आला की तुम्ही पाट्यांकडं बघायच्या आधी ड्रायव्हरला विचारायचा, काय भरतोस, कुठल्या रस्त्यानं जातोस, शेजारी कोण बसतं. मला वाटायचं, गप्पांचा शौक आहे म्हाताऱ्याला. शुक्रवारी तुमच्या घरून चाचीची खिचडी आणि चिंचेचा खट्टा यायचा. माझ्यासाठी वेगळा डबा, खिम्याशिवाय. मी कधी काही सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोला बाजारात गाठून चाचीनं विचारून घेतलं होतं. तुमच्या घरात सगळ्यांनाच आधी विचारायची खोड.

आणि बिलोलीचा तो दिवस. सिमेंटचा ट्रक सकाळी आपल्याकडून गेला होता, मागचे पाटे मी बांधलेले. दुपारी जेवताना तुम्ही सहज विचारलं, "यू-बोल्टचे चारी नट कसलेस ना?" मी म्हणालो, "हाव." शेवटचे दोन नट पाना न लावता, नुसते हातानं फिरवून सोडल्याचं मला त्याच क्षणी आठवलं होतं. ते सुटले तर भरल्या ट्रकचे पाटे जागचे सरकतात. तुम्ही माझ्या तोंडाकडं पाहिलं. डब्याला झाकण लावलं, पाने पिशवीत टाकले आणि म्हणालात, "चल." एसटीत जागा नव्हती. तुम्ही गुडघेदुखीचे, दांड्याला धरून उभे. बिलोलीत विचारत विचारत ट्रक सापडला, अजून पोती उतरत होती. तुम्ही स्वतः खाली शिरलात, पाठ टेकली, आणि हात बाहेर काढून मला पाना मागितला. ड्रायव्हर भडकला होता. बायकोपोरं शेजारी बसवून आणली होती त्यानं. तुम्ही बाहेर येऊन धूळ झटकलीत आणि त्याला म्हणालात, "चूक माझी हाय, भाई. म्हातारा झालो, विसरलो." मी शेजारीच उभा होतो. पाना पुसत राहिलो.

परतताना नरसीपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणालात, "नट राहिला, चालतं. माणूस हाय. हाव कशापायी म्हणालास?" बस्स. त्यानंतर ना कधी तो विषय, ना टोमणा. दुसऱ्या दिवशी तसलाच एक ट्रक आला आणि तुम्ही तो मलाच दिला. आज माझ्या हाताखाली दोन कारागीर आहेत, तेव्हा कळतं की ते काम माझ्या हातात देताना तुम्हाला किती अवघड गेलं असेल.

जळकोटच्या गाडीचे नवे फुगे, शॉकॉपसकट, यायला आठ दिवस लागले. मी घाई केली नाही. गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली, हवेची नळी उघडायच्या आधी सगळी हवा सोडली. नवे बसवल्यावर आधी हवा भरली आणि मगच चाकांवर वजन टाकलं, कारण रिकाम्या फुग्यावर भार आला तर रबर दुमडून पहिल्याच दिवशी फाटतं. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघितला. गाडी हलत हलत उठली आणि मी ती पुन्हा होती तेवढीच खाली आणली, मोजून. तो माणूस घेऊन गेला, खूश होऊन गेला.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच गाडीचा बोल्ट आवळताना माझा हात थांबला. जळकोटच्या गाडीच्या शॉकॉपचे खालचे बोल्ट मी चाकं लोंबकळत असतानाच घट्ट केले होते. ते गाडी स्वतःच्या उंचीला उभी असताना कसायचे असतात. नाहीतर आतलं रबरी बुश पिळलेलं राहतं आणि चार-सहा महिन्यांत फाटतं. धोका लगेच नव्हता. फाटलं असतं तरी लोक रस्त्याला शिव्या देणार, मला नाही. हातातला बोल्ट पुरता आवळला. मग एका कारागिराला म्हणालो, "फळ्या घे, जळकोटला जायचंय."

दुकानदाराच्या अंगणात चारही चाकांसमोर फळ्या रचल्या, वजन चाकांवरच राहील अशी गाडी त्यांवर चढवली आणि खाली शिरलो. एकेक बोल्ट ढिला केला, रबर सुटं झालं, पुन्हा कसला. तासाभराचं काम. ओसरीवर खुर्चीत त्याची आई बसून होती. "झालं का रं बाबा?" तिनं विचारलं. फळ्या काढल्या तशी ती काठी टेकत आली. कुणी हात पुढं केला तर तिनं तो झिडकारला. दाराला धरलं, वळली, सीटवर टेकली, आणि डावा पाय उजव्या हातानं उचलून आत घेतला. मग लेकाला म्हणाली, "आता उभा का? उदगीरला बहिणीकडं न्यायचं म्हणला होतास की." मला हसू आलं आणि डोळेही भरले. तुम्ही हे बघायला हवं होतं, उस्ताद. माझ्या हातून जे बरं होतं, त्यातलं बरंचसं तुमचं आहे. हे तुम्ही असताना एकदाही बोललो नाही.

हा कागद नांदेडला तुमच्या कबरीपाशी न्यायचा नाही, कुणाला वाचूनही दाखवायचा नाही, म्हणून लिहितो. गाडीखालून निघालो तेव्हा दुकानदारानं विचारलं होतं, "राहिलं कुणाकडून, मेस्त्री?" माझा कारागीर फळ्या हातात घेऊन शेजारी उभा होता. त्यानं त्या गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. आणि माझ्या तोंडातून निघालं, "कारागिराकडून..." त्यानं मान खाली घातली. मग मी म्हणालो, "न्हाई. मीच कसले होते, मीच चुकलो." पण तो पहिला शब्द माझ्या तोंडून निघाला होता, उस्ताद. इतक्या वर्षांनीही आधी खोटंच निघालं, त्या 'हाव'सारखं.